सातव्या टाकीचा धसका

त्यांचं खरं नाव कामाच्या कागदांवर होतं, पण मत्स्यपालन केंद्रात ते कुणाला पटकन आठवायचं नाही. सगळे त्यांना काटेकोर म्हणत. हे नाव पंपवाल्याने पाडलेलं. केंद्रातले पंप आणि केंद्रातली थट्टा, दोन्ही चालू ठेवायची जबाबदारी आपलीच आहे असं तो समजत असे. त्याचं म्हणणं, माशाला दोन काटे असतात, एक त्याच्या पोटात आणि दुसरा आमच्या काकांच्या हातात. पहिला घशात अडकतो, दुसरा डोक्यात जातो. काटेकोर यावर हसत नसत, पण रागवतही नसत. बावीस वर्षं ते मासे तोलत आले होते आणि त्या कामापुढे त्यांना बाकी सगळं पोरकट वाटायचं.

पत्र्याची लांबलचक शेड होती. तिच्यात छातीइतक्या उंचीच्या बारा गोल टाक्या आणि प्रत्येक टाकीत सात-आठशे तिलापिया मासे. दर दुसऱ्या सोमवारी काटेकोर लांब दांड्याची हातजाळी घेऊन निघत. प्रत्येक टाकीतून पन्नास मासे काढायचे, ओल्या बादलीत घ्यायचे, तोलायचे, सरासरी काढायची आणि परत सोडायचे. त्यांचा हातच काटा झालेला होता. ओल्या तळव्यावर मासा घेऊन ते म्हणायचे, एकशे चाळीस. मग काटा एकशे बेचाळीस दाखवायचा आणि ते काट्याकडे संशयाने बघायचे.

सातव्या टाकीचं दुखणं सुरू झालं ते एका साध्या गोष्टीवरून. एका दुपारी तिचा हवेचा पंप अर्धा तास बंद पडला. मासे वर येऊन तोंडं उघडी टाकून श्वास घेऊ लागले, पंपवाला धावला, पंप सुरू झाला. एकही मासा दगावला नाही. पुढच्या सोमवारी सातवीतले मासे बाकीच्यांपेक्षा आठ ग्रॅमनी मागे निघाले. दुसरं कुणी असतं तर म्हणालं असतं, दमलेत जरा, येतील रुळावर. पण काटेकोरांनी ते मनाला लावून घेतलं. पंधरा दिवस थांबणं त्यांच्याच्याने होईना. ते आठवड्याला तोलायला लागले. फरक अकरा ग्रॅम झाला. मग दर तिसऱ्या दिवशी तोलायला लागले. फरक एकोणीस झाला. खाद्य तेच, पाणी तेच, एकाच दिवशी जन्मलेली पिल्लं, पण खाल्लेलं अंगाला लागेना.

घरीही त्या दिवसांत तोलण्याचंच काम चाललं होतं.

त्यांची लेक बाळंतपणाला त्यांच्याकडे आली होती. जावई जहाजावर, त्याची फेरी संपायला अजून चार महिने होते. लेकीची आई जाऊन चार वर्षं झाली होती. तेव्हा घरात बापलेक दोघंच, आणि दोघंही कमी बोलणारी. बाळ ठरल्या तारखेच्या तीन आठवडे आधीच आलं. मुलगी झाली. दोन किलो पन्नास ग्रॅम. डॉक्टर म्हणाले, बाळ लहान आहे पण तब्येतीने ठणठणीत आहे, काळजीचं कारण नाही, वाढेल आपल्या गतीने. दवाखान्यातल्या नर्सने पंधरा दिवसांनी वजनाला आणायला सांगितलं.

पंधरा दिवस हा आकडा काटेकोरांना ओळखीचा होता आणि आता त्यावर त्यांचा विश्वास राहिला नव्हता. त्यांनी साहेबांना विचारून केंद्रातला जादा काटा घरी आणला, उकळत्या पाण्याने तीनदा धुतला, त्यावर मऊ कापडाची घडी घातली. कापडाचे चाळीस ग्रॅम वजा करायचे हे त्यांनी पहिल्याच दिवशी ठरवून टाकलं. नातीला ते ठकी म्हणायचे. सकाळी कामाला जायच्या आधी एकदा आणि संध्याकाळी आल्यावर एकदा ठकी काट्यावर चढायची. आकडा फ्रिजवर चिकटवलेल्या कागदावर लिहिला जायचा.

पहिल्या दिवसांत लेकीला त्याची गंमत वाटली. बाबांची माया अशीच ग्रॅममध्ये येते, असं तिने नवऱ्याला फोनवर सांगितलं आणि दोघं हसली. पण तान्ह्या बाळाचं वजन म्हणजे काही सरळ चढणारा जिना नव्हे. दूध प्यालं की वर, शी-शू झाली की खाली. सकाळचा आकडा संध्याकाळी तीस ग्रॅमनी उतरलेला असायचा.  काटेकोर काट्यापुढे नेहमीपेक्षा दोन क्षण जास्त उभे राहायचे. लेकीला ते दोन क्षण पुरेसे होते. तिला वाटायचं, माझंच दूध कमी पडतंय. जेवायला बसली की घास तोंडातच फिरायचा. पाजायला बसली की डोळा फ्रिजकडे जायचा, आणि ठकीही दोन घोट घेऊन तोंड बाजूला करून रडायची. एकोणिसाव्या दिवशी आकडा जिथल्या तिथे राहिला. विसाव्या दिवशीही. काटेकोरांनी संध्याकाळी जेवण अर्धं टाकलं आणि कुणाला काही न सांगता दिवसातून तिसऱ्यांदा तोलायचं ठरवलं.

त्याच आठवड्यात केंद्रात माशांची डॉक्टरीण आली. साहेबांनीच तिला बोलावलं होतं. तिशीची असेल. केस घट्ट बांधलेले, पायात गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट, आणि बरोबर एक बर्फाची पेटी. आल्या आल्या तिने काटेकोरांना "काका" म्हटलं आणि सगळ्या नोंदी मागितल्या. नोंदी बघून तिच्या भुवया वर गेल्या. इतकी सुबक माहिती कुठेच मिळत नाही, असं ती म्हणाली, आणि काटेकोरांना फार दिवसांनी बरं वाटलं.

तिने आधी पाणी तपासलं. निर्दोष. मग माशांचे कल्ले, खवले, पोटातली आतडी पाहिली. ना जंत, ना बुरशी. मग ती म्हणाली की रक्त घेऊन बघते. एका बादलीत तिने लवंगेचं तेल कालवलं, मासे त्यात गुंगले, आणि सगळ्या शेडभर लवंगेचा वास पसरला. शेपटीच्या मुळाशी सुई घालून ती थेंबभर रक्त काढायची. मासा जाळीत आल्यापासून तीन मिनिटांच्या आत सगळं उरकायचं, यावर तिचा फार कटाक्ष होता. काटेकोर घड्याळ धरून उभे राहिले. तिसऱ्या टाकीतले दहा मासे झाले, सातवीतले दहा झाले. दोघांचे हात असे जुळले की पंपवाला म्हणाला, काका, तुम्हाला शेवटी तुमच्यासारखं माणूस मिळालं.

पाच दिवसांनी डॉक्टरीण निकाल घेऊन आली. शेडच्या दारातल्या लाकडी पेटीवर ती बसली आणि समोरच्या उलट्या बादलीवर काटेकोर.

"काका, माशाला जीव वाचवायचा असला की अंगात एक रस सुटतो. कॉर्टिसॉल म्हणतात त्याला. तो सुटला की शरीर बाकीची सगळी कामं बाजूला ठेवतं. भूक, पचन, वाढ, सगळं. एकच ठाऊक, पळायचं. एखाद्या वेळी ते चांगलंच असतं, काही तासांत उतरतं आणि मासा पुन्हा खायला लागतो. पण पळायची वेळ रोजच यायला लागली, तर वाढायची वेळ येतच नाही."

"मग?"

"तिसऱ्या टाकीत तो रस जवळजवळ नाहीच. सातवीत भरपूर आहे. तीन मिनिटांच्या आत रक्त घेतलं म्हणजे तो जाळीमुळे सुटलेला नाही. तो आधीपासूनच होता. पकडायच्या आधीच ते पकडल्यासारखे जगतायत."

कशाचा धसका घेतलाय ते कळायला हवं, असं म्हणून तिने दोन दिवस मागितले. ते दोन दिवस ती भिंतीशी स्टूल टाकून सातव्या टाकीकडे बघत बसली. मांडीवर वही, डोक्यावर टोपी. काटेकोर आपलं काम करत राहिले, पण येता-जाता त्यांची नजर तिच्या वहीकडे जायची. आपण बावीस वर्षांत असं नुसतं बसून टाकीकडे कधी बघितलं होतं का, हे त्यांना आठवेना.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिने वही मिटली. सांगायला तिला जड जात होतं हे दिसत होतं. आधी तिने पंप किती वेळा गुरगुरतो ते सांगितलं, उजेडाचं सांगितलं, आणि मग थांबली.

"झाडणाऱ्या बाई आल्या, मासे जागचे हलले नाहीत. पंपवाला शीळ घालत गेला, हलले नाहीत. साहेब टाकीला टेकून फोनवर बोलत होते, तरी नाहीत. तुम्ही दारातून आत आलात की ते सगळे खाली जातात. तळाशी, एकमेकांना चिकटून. अंग काळं पडतं. तुम्ही निघून गेल्यावर वीस-पंचवीस मिनिटं वर येत नाहीत. आणि खाद्य पडतं ते नेमकं तुमच्या मागोमाग. ते तसंच वर तरंगत राहतं आणि वाया जातं."

काटेकोरांनी हातातली बादली खाली ठेवली.

"मला घाबरतात?"

"जाळीला घाबरतात, काका."

"आज माझ्या हातात जाळी नव्हती."

डॉक्टरणीने मान डोलावली. तिला खोटं बोलता येत नसावं, किंवा तिने त्यांना तेवढा मान दिला. मग तिने समजावून सांगितलं की पंप बंद पडला तेव्हा ते आठ ग्रॅम गेले होते, ते पंधरा-वीस दिवसांत आपले आपण भरून आले असते. पण त्यानंतर दर तिसऱ्या दिवशी जाळी. जाळी म्हणजे त्यांना मरणच. ते कोण घेऊन येतं, त्याची पावलं कशी वाजतात, सावली कशी पडते, कशाकशावरून ओळखतात कोण जाणे, पण ओळखतात. इतर टाक्यांना हा जाच महिन्यातून दोनदाच होत होता, म्हणून त्या निभावल्या.

"तुमचं प्रेम होतं म्हणूनच तुम्ही तोललंत," ती म्हणाली. "पण त्यांना ते कसं कळणार?"

काटेकोरांनी बावीस वर्षांत पहिल्यांदा अर्ध्या दिवसाची सुट्टी मागितली. साहेबांना वाटलं, घरी बाळाचं काही. त्यांनी लगेच दिली.

ते चालत घरी गेले. बस समोरून गेली तरी त्यांनी हात केला नाही. मनात एकच गोष्ट घोळत होती. मासे आपल्याकडे बघून वर येतात असंच ते इतकी वर्षं समजत आले होते. आणि खरोखर येतही असतील, कधीकाळी. सातवीतलं प्रत्येक पिल्लू त्यांनी नखाएवढं असताना पाहिलेलं. ज्यांच्यासाठी डोळ्यांत तेल घालून जागावं, त्यांच्याच मनात आपलं नाव संकट म्हणून लिहिलं जावं, हे मनात कुठे ठेवावं ते त्यांना कळत नव्हतं.

घराचं दार नुसतं लोटलेलं होतं. आत लेक खिडकीशी, पाय पसरून, भिंतीला पाठ लावून बसली होती. ठकी पदराआड दूध पीत होती आणि लेक तिच्याशी बोलत होती. काहीतरी बिनअर्थाचं, लाडाचं, गाण्यात आणि बोलण्यात मधोमध असं. चेहरा सैल पडलेला. काटेकोर दारातच थांबले. गेल्या तीन आठवड्यांत त्यांनी लेकीचा हा चेहरा पाहिला नव्हता. हा आवाजही ऐकला नव्हता. ठकी गटागटा पीत होती, ऐकू यावं इतकं.

मग त्यांची चप्पल वाजली.

लेकीने मान वर केली आणि तिचे खांदे कानांपर्यंत गेले. ठकीचं तोंड सुटलं, ती रडायला लागली. आणि लेक, वडील इतक्या लवकर कसे आले हेसुद्धा न विचारता, घाईघाईने म्हणाली, "आज दोनदा शी झालीय बाबा. म्हणून आकडा कमी येईल."

काटेकोर चप्पल न काढता उंबऱ्यावर खाली बसले.

 लेक घाबरली. बरं वाटत नाही का, पाणी देऊ का, असं दोन-तीनदा विचारून झालं. त्यांनी मान हलवली. मग म्हणाले, "पोरी, तो काटा मी उद्या परत नेऊन ठेवतो."

"का? काय झालं?"

"तुला त्याचा त्रास होतोय हे मला दिसलं नाही. मला दिसत नाहीच. माशाचे दोन ग्रॅम कळतात मला. तुझी आई माझ्यासमोर अकरा किलोंनी उतरली. एका ताटात नव्हे, पण एका घरात जेवत होतो आम्ही रोज. अकरा किलो. दवाखान्यात काट्यावर उभी केली तेव्हा कळलं मला. तेव्हा डॉक्टर म्हणाले, सहा महिने आधी आणलं असतं तर." त्यांनी ठकीकडे पाहिलं. "म्हणून हिला तोलत होतो. पुन्हा तसं नको."

चार वर्षांत हे त्यांनी कुणापाशी काढलं नव्हतं. लेकीने ठकीला खांद्यावर घेतलं, तिची पाठ थोपटत ती उठली आणि वडिलांजवळ उंबऱ्यावर येऊन बसली. दोघांना पुरेल इतका तो उंबरा रुंद नव्हता. तिने त्यांना जरा सरकवलं.

"बाबा, तुम्हाला दिसलं नाही, कारण तुम्हाला दिसू नये म्हणून ती खटपट करायची," ती म्हणाली. "तुम्ही कामावर गेलात की शिलाईच्या मशीनवर बसून स्वतःचे कपडे उसवून आत घ्यायची. दर दोन-तीन आठवड्यांनी. शिवण इतकी सफाईची की बाहेरून कळायचं नाही. मी टाचण्या धरायला असायचे."

काटेकोरांनी पायातली चप्पल काढून बाजूला ठेवली.

"मला तिने शपथ घातली होती. म्हणाली, त्यांना कळलं तर ते रोज मला तोलतील, आणि मला तोलून घ्यायचं नाहीये, मला नुसतं त्यांच्याबरोबर चहा प्यायचाय." लेकीने ठकीला दुसऱ्या खांद्यावर घेतलं. "मी तेव्हाच सांगायला हवं होतं. मी टाचण्या धरत बसले. तुम्ही स्वतःला बोल लावताय आणि मी मात्र चार वर्षं गप्प बसलेय."

आता ती रडायला लागली. ठकी उलट गप्प झाली होती आणि आजोबांच्या शर्टाच्या बटणाकडे टक लावून बघत होती.  लेक लहान असताना रडली तर तिला जवळ घेणं हे तिच्या आईचं खातं होतं. त्यांनी हात उचलला, तो जरा वेळ हवेत राहिला, आणि मग लेकीच्या डोक्यावर ठेवला. "वेडी आहेस," ते म्हणाले. "आईची शपथ कोण मोडतं?" पुढे बराच वेळ तो हात तिथेच राहिला.

मग तिला चहा हवा होता, आणि करायला उठायचं तर ठकीला कुणीतरी घ्यायला हवं होतं. "धरा," ती म्हणाली. काटेकोरांनी दोन्ही हात पुढे केले आणि तेव्हा त्यांच्या ध्यानात आलं की काट्यावर ठेवण्या-उचलण्याखेरीज त्यांनी नातीला अजून घेतलेलंच नाही. ती इवलीशी होती, उबदार होती, आणि तिच्या डोक्याला दुधाचा आंबूस वास येत होता. त्यांनी तिला घट्ट धरलं तशी ती आक्रसली. सैल धरलं तशी ती त्यांच्या दंडावर पसरली आणि झोपून गेली. लेकीने चहा आणून ठेवला. तो निवून गेला, पण त्यांनी हात हलवला नाही.

दुसऱ्या दिवशी काटा केंद्रात गेला. फ्रिजवरचा कागद लेकीनेच काढला.

सातव्या टाकीचं मात्र इतक्या सहज मिटणारं नव्हतं. सहा आठवडे तिच्यात जाळी घालायची नाही, असं डॉक्टरणीने सांगितलं. बाकीच्या टाक्यांचं तोलणं दुसऱ्या कुणीतरी करायचं. काटेकोरांना वाटलं, आता आपल्याला शेडमध्ये यायलाच बंदी होणार. पण डॉक्टरीण म्हणाली की उलट, सातवीला खाद्य तुम्हीच घालायचं. ठरलेल्या वेळी, रिकाम्या हाताने यायचं, टाकीच्या कडेवर दोनदा टकटक करायची, जरा थांबायचं आणि मग गोळ्या टाकायच्या. म्हणजे पुढे काय होणार हे माशांना आधी कळतं. ठाऊक असलेल्या गोष्टीची भीती कमी होते.

"आणि ते वर आलेच नाहीत तर?"

"तर तिथेच बसा. तुमचं काही काम नाही असं त्यांना वाटू दे."

हे काटेकोरांना सगळ्यात अवघड गेलं. काही काम नसताना कसं बसायचं, हे त्यांना कुणी शिकवलंच नव्हतं. पहिल्या दिवशी टकटक झाली आणि सातशे मासे एका क्षणात तळाशी गेले, काळे ठिक्कर. गोळ्या पाण्यावर तरंगल्या, फुगल्या. ते बसले. दुसऱ्या दिवशी तेच. पंपवाला जाता-जाता म्हणाला, "काका, लग्नाला नकार आलेल्या नवऱ्यासारखे बसलायत." आणि काटेकोर चक्क हसले. पंपवाल्याला त्याचा इतका धक्का बसला की तो परत येऊन चौकशी करून गेला.

घरी त्यांनी हीच बैठक दुसऱ्या अंगाने शिकायला घेतली. संध्याकाळी आले की हातपाय धुऊन ते ठकीला मांडीवर घेऊन बसायचे, आणि लेक तेवढ्यात निवांत आंघोळ करायची. कधी बापलेक आईबद्दल बोलायचे. ती कपडे शिवताना कशी तोंडात टाचण्या धरून भांडायची, आणि त्यामुळे भांडणातला एकही शब्द कुणाला कळायचा नाही, असलं काहीबाही. लेक दोन वेळा पोटभर जेवायला लागली होती. दुधाची भीती कधी गेली तिचं तिलाही कळलं नाही.

अकराव्या दिवशी, टकटक झाल्यावर, एक मासा वर आला. मोठासा, अंगावर फिकट पट्टे असलेला. त्याने एक गोळी तोंडात घेतली, थुंकली, पुन्हा घेतली आणि सटकला. काटेकोर श्वास रोखून बसले होते. चौदाव्या दिवशी वीसेक आले. तिसऱ्या आठवड्यात टकटकीच्या आधीच, नुसत्या त्यांच्या पावलांवर, पाणी खळबळायला लागलं. त्या दिवशी त्यांनी डॉक्टरणीला फोन केला. बावीस वर्षांत त्यांनी कामाच्या कुठल्याही माणसाला आपणहून फोन केल्याची ही पहिलीच वेळ. माहिती देऊन झाली तरी फोन ठेवेनात. शेवटी म्हणाले, "बाई, ते मला माफ करतात असं म्हणायचं का?"

ती पलीकडे हसली. "माशांना माफी वगैरे ठाऊक नसते, काका. त्यांना आता तुमच्यापासून पळावंसं वाटत नाही, एवढंच. पण माझ्या मते ते त्याहून मोठं आहे."

सहा आठवड्यांनी सातवी तोलली. जाळी नव्या माणसाने धरली आणि काटेकोर मुद्दाम शेडबाहेर थांबले. ती अजूनही तिसरीच्या सहा ग्रॅम मागे होती. पण सहाच. डॉक्टरीण म्हणाली, उरलेलं भरेल किंवा नाहीही भरणार, काही मासे लहानच राहतात आणि ठणठणीत जगतात. काटेकोरांनी आकडा लिहिला आणि वही मिटली.

ठकीचं वजन दवाखान्यात दर पंधरवड्याला होत होतं. या वेळी तीन किलो सहाशे भरलं. नर्सने गालाला बोट लावून म्हटलं, बाळसं धरलंय की हिने. लेकीने फोन करून ते वडिलांना सांगितलं, आणि त्याच्या आधी हेही सांगितलं की नर्सकडे बघून ठकी हसली, नुसते ओठ हलतात तसं नाही, खरंखुरं. काटेकोरांनी हसण्याबद्दलच तीन प्रश्न विचारले.

महिनाभराने जावयाचं जहाज लागलं. तो लेकीला आणि ठकीला न्यायला आला. दोन दिवस घर भरलेलं होतं, तिसऱ्या दिवशी बॅगा दाराशी आल्या. निघताना लेक म्हणाली, "बाबा, तुम्ही चला आमच्याकडे. राहायला. पाहुण्यासारखे येऊन जाऊ नका, राहायला या."

एरवी त्यांनी कामाचं कारण पुढे केलं असतं. ते म्हणाले, "येतो. पुढच्या आठवड्यात."

केंद्रात सुट्टीचा कागद भरायचा होता. साहेबांनी स्वतःच तो त्यांच्यापुढे सरकवला. कारण लिहायच्या जागी काटेकोरांनी 'नातीकडे' एवढंच लिहिलं. किती दिवस, हा रकाना त्यांनी मोकळा सोडला. साहेबांनी विचारलं तेव्हा म्हणाले, "ती कंटाळेपर्यंत." साहेबांनी जरा वेळ वाट पाहिली आणि स्वतःच तिथे 'पंधरा' असं लिहून टाकलं.

सातवीला खाद्य घालायचं काम त्यांनी पंपवाल्याकडे सोपवलं. दोनदा टकटक, जोरात नाही. मग थांबायचं. शीळ घातलीस तरी चालेल, ती त्यांच्या ओळखीची आहे. थट्टा केलीस तरी चालेल. पण घाई करायची नाही, आणि पहिल्या दिवशी वर आले नाहीत तर वाईट वाटून घ्यायचं नाही.

"आणि वर आलेच नाहीत तर?" पंपवाल्याने विचारलं.

काटेकोरांनी भिंतीशी असलेलं स्टूल ओढून टाकीजवळ आणलं, हाताने पुसलं आणि त्याला म्हणाले, "बैस जरा. आत्तापासूनच सवय होऊ दे त्यांना."